संमेलनाध्यक्षाची निवडणूक : एक पश्चातबुद्धी

उदगीर येथे २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा शिरूर अनंतपाळहून पदवीच्या वर्गातली काही मुले-मुली घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. ऊन रणरणते होते. एस.टी. कर्मचाऱ्यांना संपातून कामावर परतण्यासाठी उच्च न्यायालयाने दिलेली मुदत नेमकी उद्घाटनाच्याच दिवशी संपत होती, तेव्हा बसचा भरवसा नव्हता आणि काळीपिवळीतून दाटीवाटीने जावे लागले. संमेलनाध्यक्ष भारत सासणे यांचे भाषण झाल्यावर मांडवाबाहेरच्या सावलीत एका मुलीने विचारले, "सर, सासण्यांच्या विरोधात कोण उभं होतं?" आम्ही सांगितले, की आता निवडणूक होत नाही, महामंडळाची बैठक होते आणि एकमताने नाव ठरते. त्यावर ती सहज म्हणाली, "म्हंजे आमच्या गावातल्यावाणीच. आमच्याकडं बी ग्रामपंचायत बिनविरोधच निघाली."

तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. उलट गावाने भांडण टाळले याचा थोडा अभिमानच होता. आम्ही मात्र अस्वस्थ झालो, कारण २०१८ साली साहित्य महामंडळाने घटना बदलून अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, तेव्हा तिचे मनापासून स्वागत करणाऱ्यांत आम्हीही होतो. एका झटक्यात गलिच्छ प्रकार संपला, लेखकाला मतांसाठी दारोदार जावे लागणार नाही, सन्मान सन्मानासारखा दिला जाईल, असे आम्ही बोललो होतो, लिहिलेही होते. आज आम्हाला वाटते, की आमचे चुकले. हे मत एका दिवसात बनलेले नाही आणि त्याच्या आड येणाऱ्या गोष्टीही आम्हाला दिसतात. त्या दडवून ठेवण्याचा आमचा विचार नाही.

आताच्या विद्यार्थ्यांना जुनी पद्धत ठाऊक नसते, म्हणून ती थोडक्यात सांगणे भाग आहे. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि आपली मराठवाडा साहित्य परिषद या त्याच्या मूळ घटक संस्था. पुढे महाराष्ट्राबाहेरच्या संस्थाही जोडल्या गेल्या. संमेलनाध्यक्षासाठी या संस्था आपापले मतदार ठरवून पाठवत. निमंत्रक संस्थेचेही मतदार असत. अलीकडच्या काळात ही सगळी बेरीज हजाराच्या थोडी वर जाई. मतपत्रिका टपालाने मतदाराच्या घरी येई आणि भरून टपालानेच परत जाई. म्हणजे दहा-बारा कोटी लोकांच्या भाषेचा सर्वांत मोठा वाङ्मयीन मान हजारभर माणसे ठरवत, आणि ती हजार माणसे कोण, हे संस्थांचे पदाधिकारी ठरवत. संस्थेचा आजीव सभासद असणे आणि मतदार असणे या अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. मतपत्रिका मतदाराच्या घरीच असल्यामुळे ती कोरी गोळा करता येई, आणि अशा कोऱ्या मतपत्रिका गठ्ठ्याने गोळा केल्या जातात, अशी बोलवा प्रत्येक निवडणुकीला उठे. जातीची गणिते मांडली जात, प्रदेशाची मांडली जात. उमेदवारांनी पत्रके काढावीत, दौरे करावेत, जेवणावळी व्हाव्यात, आणि या सगळ्यात त्यांची पुस्तके किती जणांनी वाचली आहेत, हा प्रश्न कोणी विचारू नये, अशी एकूण स्थिती होती.

या पद्धतीविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून एकच उदाहरण नेहमी दिले जाई, अजूनही दिले जाते. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी इंदिरा संत उभ्या होत्या आणि त्या पडल्या. रमेश मंत्री निवडून आले. इंदिराबाईंना त्याच्या आठ वर्षे आधी, १९८४ साली, 'गर्भरेशीम'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रह तोवर दोन पिढ्यांच्या अभ्यासक्रमांतून गेले होते. मंत्री विनोदी लेखक, भरपूर लिहिणारे, लोकप्रिय, आणि कोल्हापूरशी जवळचे. त्यांना कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. विनोदाला मराठीत अकारण दुय्यम मानले जाते, हा आमचा जुनाच राग आहे. तरीही या निकालाने मराठी वाचकाला धक्का बसला, आणि तो धक्का रास्त होता. ज्या व्यवस्थेत इंदिरा संत पडू शकतात, ती व्यवस्था मोडीत काढा, हा युक्तिवाद तेव्हापासून जो सुरू झाला, तो २०१८ मध्ये फळाला आला. आम्हीही तोच युक्तिवाद कित्येक वर्षे वर्गात आणि वर्गाबाहेर केला.

तो करताना एक साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. इंदिरा संत पडल्या हे आपल्याला माहीत आहे, कारण मतदान झाले होते. उमेदवारांची नावे छापून आली होती, मते मोजली गेली होती, निकाल जाहीर झाला होता. मराठी साहित्यसंस्थांनी त्या दिवशी स्वतःविषयी जी साक्ष दिली, ती तीन दशके त्यांच्या मानगुटीवरून उतरलेली नाही. आता समजा, २०१९ नंतरच्या एखाद्या वर्षी अशाच तोलामोलाच्या एखाद्या कवयित्रीचे नाव महामंडळाच्या बैठकीत आले आणि कोणी तरी 'या वेळी नको' म्हणाले. बैठक बंद खोलीत होते, विसाच्या आसपास माणसे असतात, घटक संस्थांनी सुचवलेल्या नावांवर चर्चा होते आणि शेवटी एक नाव बाहेर येते. वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस इतर नावांची कुजबुज होते, तीही विरून जाते. त्या कवयित्रीला नाकारले गेले हे कोणालाच कळणार नाही. तिलाही कळणार नाही. कोणाला लाज वाटण्याचे कारणच उरणार नाही. इंदिरा संतांचा पराभव टाळण्यासाठी म्हणून आपण निवडणूक काढून टाकली. प्रत्यक्षात पराभवाची नोंद तेवढी काढून टाकली.

इथे एक तक्रार निश्चित होईल, की नव्या पद्धतीने निवडलेली नावे पाहा, कोणते नाव वावगे आहे? आम्हीही ती यादी पुन्हापुन्हा पाहिली आहे. यवतमाळला २०१९ मध्ये अरुणा ढेरे, उस्मानाबादला २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नाशिकला २०२१ मध्ये जयंत नारळीकर, उदगीरला सासणे, वर्ध्याला २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर, अमळनेरला २०२४ मध्ये रवींद्र शोभणे, दिल्लीला २०२५ मध्ये तारा भवाळकर, साताऱ्याला २०२६ मध्ये विश्वास पाटील. यातले एकही नाव असे नाही, की ज्याबद्दल संस्थांनी मान खाली घालावी. नारळीकरांसारखा माणूस मते मागायला निघाला असता, असे कोणी म्हणणार नाही (प्रकृतीमुळे ते नाशिकला येऊ शकले नाहीत, हा भाग वेगळा). ढेरे, भवाळकर यांच्याबाबतीतही हेच. तेव्हा निवड वाईट झाली, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. किंबहुना जुन्या पद्धतीतल्या काही अध्यक्षांपेक्षा ही यादी उजवी आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही.

मात्र याच यादीतली दोन नावे पुन्हा वाचण्यासारखी आहेत. भारत सासणे यांनी घुमानच्या संमेलनासाठी २०१४ च्या अखेरीस निवडणूक लढवली होती. सदानंद मोरे यांच्याशी त्यांची लढत अटीतटीची झाली आणि सासणे हरले. रवींद्र शोभणे बडोद्याच्या २०१८ च्या संमेलनासाठी उभे होते. लक्ष्मीकांत देशमुख निवडून आले, शोभणे हरले. ती शेवटची निवडणूक. पुढे काही वर्षांत दोघांनाही अध्यक्षपद सन्मानाने मिळाले, आणि ते मिळणे उचितच होते. पण दोघांचीही नावे आपल्यापुढे संभाव्य अध्यक्ष म्हणून प्रथम आली ती निवडणुकीमुळे. हरलेला उमेदवार लोकांच्या लक्षात राहतो, त्याच्याविषयी 'व्हायला हवा होता' अशी चर्चा राहते, त्याची पुस्तके कोणी तरी पुन्हा काढून वाचते. सासण्यांच्या दीर्घकथांकडे घुमानच्या निमित्ताने वळलेले आमचेच दोन सहकारी आम्हाला माहीत आहेत. नवी पद्धत जुन्या पद्धतीने कमावलेल्या भांडवलावर अजून चालली आहे, असे म्हटले तर ते फार कठोर होईल का?

पराभवाचे हे मोल राजकारणात फार स्पष्ट दिसते, म्हणून थोडे दूरचे उदाहरण घेतो. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर स्वतंत्र झालेल्या देशांत अध्यक्षीय निवडणुका सुरू झाल्या. १० जुलै १९९४ या एकाच दिवशी युक्रेन आणि बेलारूस या शेजारी देशांत अध्यक्षपदासाठी दुसऱ्या फेरीचे मतदान झाले. युक्रेनमध्ये पदावर असलेले क्रावचुक हरले, कुचमा जिंकले, आणि क्रावचुक निमूटपणे पायउतार झाले. बेलारूसमध्ये सत्ताधारी वर्तुळाचे उमेदवार पंतप्रधान केबिच होते. त्यांना लुकाशेन्को नावाच्या तुलनेने नवख्या माणसाने प्रचंड बहुमताने हरवले. दोन्ही निवडणुका खऱ्या चुरशीच्या होत्या, दोन्हींत प्रस्थापित हरले. त्यानंतर युक्रेनमध्ये हरणे चालू राहिले. २००४ मध्ये दुसऱ्या फेरीत गैरप्रकार झाले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द केली आणि २६ डिसेंबरला पुन्हा मतदान झाले; २०१० मध्ये पदावरच्या युश्चेन्को यांना पहिल्याच फेरीत लोकांनी बाहेर काढले; २०१९ मध्ये पोरोशेन्को यांना झेलेन्स्की यांनी हरवले. त्या देशाच्या राजकारणात भ्रष्टाचार नव्हता, पैसा नव्हता, असे कोणीही म्हणणार नाही. बेलारूसमध्ये मात्र १९९४ नंतर कोणाला हरताच आले नाही, कारण लुकाशेन्को यांनी तशी निवडणूक पुन्हा होऊच दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सातव्यांदा पद मिळवले. २०२० मध्ये लोक निकालाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा नोबेल पारितोषिक मिळवलेल्या स्वेतलाना अलेक्सिएविच विरोधकांच्या समन्वय परिषदेत होत्या, आणि काही आठवड्यांतच त्यांना देश सोडावा लागला.

या उदाहरणातली आमची अडचण आम्ही स्वतःच सांगतो. १९९४ ची बेलारूसची निवडणूक मोकळी होती आणि तिनेच लुकाशेन्को यांना आणले. म्हणजे चुरशीची निवडणूक चांगला माणूस देईलच असे नाही. कोल्हापूरचा निकाल आवडला नाही म्हणून निवडणुकीवर राग धरणाऱ्याला हे उदाहरण उपयोगाचे वाटेल. पण बेलारूसचे लोक १९९४ च्या निकालामुळे अडकले नाहीत. तो निकाल पुढे बदलण्याची सोय काढून घेतल्यामुळे अडकले. याउलट मोल्दोवा पाहा. तिथे माया सांदू २०१६ मध्ये इगोर दोदोन यांच्याकडून हरल्या, आणि २०२० मध्ये त्यांनी त्याच दोदोन यांना हरवले. चार वर्षे त्या हरलेल्या उमेदवार म्हणून लोकांपुढे होत्या, त्यांचे म्हणणे लोक ऐकत होते, तपासत होते. सासणे आणि सांदू या नावांत अनुप्रासाखेरीज काही साम्य नाही हे आम्हाला कळते. तरीही एक हरलेली व्यक्ती पुन्हा लोकांपुढे जाऊन जिंकते आणि एक हरलेली व्यक्ती बैठकीतून परतते, यातला फरक लेखकाच्या योग्यतेत नसून आपल्या सहभागात आहे.

एकमताच्या टोकाचे उदाहरण हवे असेल तर तुर्कमेनिस्तानचे आहे. तिथल्या संसदेने १९९९ च्या डिसेंबरमध्ये नियाझोव यांना तहहयात अध्यक्ष केले; विरोधात कोणी नव्हते. पुढे या अध्यक्षांनी लिहिलेला 'रुहनामा' हा ग्रंथ शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा झाला. अभ्यासमंडळांवर काम केलेल्या आमच्या वाचकांना हा तपशील आवडेल. साहित्य महामंडळाची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे आणि आम्ही ती करत नाही. आपले अध्यक्ष वर्षभराचे असतात, आणि त्यांचे पुस्तक सक्तीने कोणी वाचावे अशी परिस्थिती दुर्दैवाने नाही.

आता त्या मुलीच्या गावाकडे येऊ. ग्रामपंचायत बिनविरोध होणे ही आपल्याकडे भूषणाची बाब समजली जाते. पुढारी त्यासाठी विकासनिधीची बक्षिसे जाहीर करतात. वाद नको, पोलीस केस नको, भाऊबंदकीत नवी भर नको, खर्च नको, ही कारणे खोटी नाहीत. निवडणुकीने कायमची तुटलेली घरे लातूर-नांदेडकडच्या कोणत्याही गावात दाखवता येतील. पण बिनविरोध कसे झाले, असे विचारले की 'बसून ठरवलं' एवढेच उत्तर मिळते. कोण बसले, कोणाला बसायला बोलावले नव्हते, कोणाचा अर्ज कोणी मागे घ्यायला लावला, हे त्या दोन शब्दांत बुडून जाते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पदांच्या लिलावाच्या कारणावरून रद्द केल्या. तिथेही वरवर एकमतच होते. एकमत कितीला पडले, एवढे मात्र त्या वेळी समजले.

साहित्यातल्या 'बसून ठरवलं'मध्ये पैसा नाही, हे मान्य. पण कोण बसले हा प्रश्न आहेच, आणि तो आपल्या संमेलनाइतकाच जुना आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते नाकारणारे पत्र पाठवले. त्यांचा आक्षेप नेमका तिथेच होता : कोण कोणाच्या वतीने एकत्र येत आहे. उदगीरला अखिल भारतीय संमेलन चालू असताना त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते, ते या आक्षेपाचेच आजचे रूप. जुनी मतदारयादी या प्रश्नाचे उत्तर देत नव्हती. नवी पद्धत तर त्यापुढे जाऊन हजाराचे वीस करते. रोग मतदारसंख्या फार थोडी असण्याचा होता, मतपत्रिका गुप्त नसण्याचा होता. औषध म्हणून मतदानच बंद केले.

मराठवाड्याचे म्हणून आमचा काही पक्षपात असेल, तो कबूल करायला हवा. निवडणुकीच्या अखेरच्या सहा वर्षांतले चार अध्यक्ष या मातीतले होते : मुखेडचे नागनाथ कोत्तापल्ले, कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे फ. मुं. शिंदे, निलंगा तालुक्यातले श्रीपाल सबनीस आणि उमरगा तालुक्यातल्या मुरूमचे लक्ष्मीकांत देशमुख. 'मराठवाडा गठ्ठ्याने मते देतो' अशी टीका त्या काळात ऐकायला मिळे. तीत तथ्य असेलही. पण पुणे-मुंबईकडच्या प्रकाशनसंस्था, नियतकालिके, समीक्षक यांच्या वर्तुळापासून दूर राहिलेल्या लेखकांना संघटनेच्या जोरावर एक दार उघडत होते, आणि ते उघडू लागल्यावर काही वर्षांतच निवडणूक असभ्य ठरली, हा योगायोग आमच्या मनाला थोडा टोचतो. आरोप करण्याइतका पुरावा आमच्याजवळ नाही. शिवाय नंतरच्या यादीतही सासणे आणि चपळगावकर मराठवाड्याचेच आहेत. तेव्हा हिशेब मांडला तर आमच्या भागाचे नुकसान झालेले नाही. टोचते ते वेगळ्या कारणाने. आधी आम्ही निवडून आणत होतो, आता आम्हाला दिले जाते. असो.

निवडणुकीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो, की निवडून आलेला अध्यक्ष अधिक निर्भय असतो, कारण त्याच्यामागे मते असतात. हा युक्तिवाद आम्हाला आवडला असता, पण इतिहास त्याला साथ देत नाही. आनंद यादव २००९ च्या महाबळेश्वर संमेलनासाठी रीतसर निवडून आले होते. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वादळ उठले, तेव्हा त्यांना निवडून देणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या बाजूला उभे राहिले? यादवांनी राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. मते कामाला आली नाहीत. उलट, न लढता निवडलेल्या अरुणा ढेरे यांनी यवतमाळला नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्याचा प्रकार अनुचित होता, हे अध्यक्षीय व्यासपीठावरून सांगितले. १९७५ मध्ये कराडला, आणीबाणीच्या छायेत, स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना दुर्गा भागवत जे बोलल्या, ते त्यांना कोणत्या पद्धतीने निवडले होते त्यावर अवलंबून नव्हते. निर्भयता माणसाची असते. पद्धतीने ती येत नाही.

तेव्हा निवडणुकीचे समर्थन आम्ही अध्यक्षाच्या बाजूने करत नाही. ते आम्ही आमच्या, म्हणजे शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या, वाचणाऱ्या माणसांच्या बाजूने करतो. दोन लेखकांतून एकाला निवडा, आणि का ते सांगा, असे कोणी म्हटले की आपल्याला दोघांनाही वाचावे लागते. समीक्षा म्हणून वर्गात आपण जे शिकवतो, त्याचा हाच तर प्रारंभ आहे. पण गेली काही वर्षे आम्हाला दिसते, की अध्यक्षाचे नाव जाहीर झाले की सगळे अभिनंदन करतात, सत्कार होतात, भाषण छापून येते, आणि वाद झालाच तर तो व्यासपीठावर कोणता पुढारी बसला यावर होतो. अध्यक्षाच्या लेखनाविषयी बरेवाईट कोणीच बोलत नाही, कारण बोलण्याचा प्रसंगच येत नाही. सन्मानाने निवडलेल्या माणसाच्या पुस्तकातले दोष दाखवणे औचित्याला सोडून होते ना! निवडणुकीत निदान विरोधकाच्या बाजूने कोणी तरी ते दाखवत असे, भले हेतू शुद्ध नसेल.

जुनी पद्धत जशीच्या तशी आणा, असे आम्ही म्हणत नाही. टपालाच्या मतपत्रिका आणि पदाधिकाऱ्यांच्या मर्जीतली यादी परत आली तर आम्ही तिचा पुन्हा निषेध करू. घटक आणि संलग्न संस्थांच्या सगळ्या आजीव सभासदांना मत द्यावे. मतदान जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच दिवशी, पडद्याआड, पेटीत व्हावे. नाव सुचवण्याचा हक्क वाचकांच्या आणि ग्रंथालयांच्या संस्थांनाही असावा. उमेदवाराने स्वतः अर्ज करण्याची अट नसावी, त्याची संमती पुरे, म्हणजे मत मागायला न जाणाऱ्या लेखकाचेही नाव मतपत्रिकेवर येईल. यातले काहीच अवघड नाही; पतपेढ्यांच्या निवडणुका याहून मोठ्या मतदारयाद्यांवर होतात. आणि हे सगळे जमणारच नसेल, तर निदान बैठकीत कोणती नावे आली, कोणत्या नावाला किती जणांनी पसंती दिली, एवढे महामंडळाने छापावे. नरहर कुरुंदकर नांदेडला राहिले, तिथेच शिकवले आणि अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष न होताच १९८२ मध्ये गेले. त्यांच्या जातीचा माणूस, म्हणजे त्या जातकुळीचा विचारवंत, आज एखाद्या तालुक्याच्या गावी शिकवत असेल, तर त्याचे नाव कधी कोणाच्या ओठावर आले होते की नाही, हे तरी पुढच्या पिढीला कळू द्या.

उदगीरहून परतल्यावर त्या मुलीच्या वर्गाला आम्ही एक काम दिले होते. १९९२ ची कोल्हापूरची निवडणूक पुन्हा घ्यायची : पंधरा दिवस दोन्ही उमेदवारांना वाचायचे, मग चिठ्ठीवर नाव लिहायचे. ग्रंथालयात इंदिराबाईंचे संग्रह होते, मंत्र्यांचे मात्र एकच पुस्तक सापडले, तेही पुठ्ठा निघालेले. मुलांनी ते हातोहात फिरवले. निकाल काय लागेल याची आम्हाला शंका नव्हती, आणि इंदिरा संत निवडून आल्याही. पण मंत्र्यांना सात मते पडली. त्यातले एक त्या मुलीचे होते, हे तिने स्वतःच उभे राहून सांगितले आणि कारणही दिले : घरी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ते हसले. त्यावर दुसऱ्या बाकावरून कोणी तरी 'हसवणं म्हणजे कविता का?' असे विचारले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ते दोघे भांडतच होते.